तत्त्वज्ञान घेणारी मालू

मालू नाखवा कॉलेजात आली ती अर्थशास्त्र घ्यायला. बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीला अर्थशास्त्र घेऊन बँकेत नोकरी लागलेली. मालूच्या वडिलांना, भिवाजी नाखवांना, तेवढं उदाहरण पुरेसं होतं. साल १९८५. आमचं कॉलेज ठाण्यातलं, लहानसं, फक्त कला शाखेचं. स्वतःची इमारत नव्हती. सकाळी एका शाळेच्या वर्गांत आमचे तास भरायचे. बाकं पाचवीतल्या मुलांच्या मापाची, भिंतींवर पाढ्यांचे तक्ते, आणि शेवटच्या तासाला दाराबाहेर शाळेच्या पोरांचा गलका.

प्रवेशाच्या खिडकीत विमलाबाई बसायच्या. विषय निवडताना मालूने त्यांना विचारलं, "तत्त्वज्ञान म्हणजे काय असतं?"

"ते नको घेऊस. कोणी घेत नाही."

"कोणी घेत नाही, तर ठेवलंय कशाला?"

मागच्या कपाटातून खडू काढत असलेल्या शुभदा चौबळ मॅडम हसल्या. तत्त्वज्ञान त्याच शिकवायच्या. "मलाही हा प्रश्न दरवर्षी पडतो," त्या म्हणाल्या. "ये आत, दोघी मिळून बघू."

हे सगळं मला मॅडमनीच पुढे सांगितलं. मी, नीला, तेव्हा कॉलेजात नव्हते. तिथेच दुसरं वर्ष करून लग्न झालेलं, मुलगी झालेली, आणि वर्तकनगरच्या दोन खोल्यांत मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

मालूला प्रश्न विचारायची सवय लहानपणापासूनची. तिची आई आवडाबाई वैतागून म्हणायची, "कवरा इचारशील गो? डोका पिकला माजा." चौबळ मॅडमना मात्र असं कोणीतरी हवंच होतं. दोन वर्षं छान गेली. मग शेवटचं वर्ष आलं, आणि वर्गातल्या बाकी सगळ्यांनी समाजशास्त्र नाहीतर इतिहास घेतला. कारण साधं होतं. त्या विषयांची गाईडं बाजारात मिळायची. तत्त्वज्ञानाला मालू एकटी उरली.

प्राचार्य रणदिवे सर सज्जन गृहस्थ. त्यांनी तिला बोलावून समजावलं, "बाळ, एकीसाठी वर्ग कसा चालवणार? इतिहास घे."

"सर, एकीचा वर्ग होत नाही, तर कितीजणींचा होतो?"

"म्हणजे?"

"दोघींचा होतो का?"

सरांना पुढे मीटिंग होती. "तिघी तरी हव्यात," ते उठता उठता म्हणून गेले. मालूने एवढंच धरून ठेवलं.

तेव्हा ती माझ्या दारात आली. आवडाबाई आमच्या इमारतीत मासळी विकायची, त्यामुळे मालूला तोंडओळखीने मी जाणत होते. पण त्या दिवशी पाटी खाली जिन्याशीच राहिली आणि मालू एकटीच वर आली.

"नीलाताई, मॅडम म्हणाल्या तुम्ही तत्त्वज्ञान अर्धवट सोडलंत. का सोडलंत?"

"अगं, मुलगी झाली ना."

"आता केवढी आहे?"

"दोन वर्षांची."

"बोलते?"

"दिवसभर. हे काय, ते काय, असं का..." मालू हसत होती. म्हणाली, "मग घरात चालूच आहे की तुमचं."

संध्याकाळी मी यांना विचारलं. हे म्हणाले, "आई सकाळी घरी असतेच. जा ना. तू कधी विचारशील म्हणून मी गप्प होतो." सासूबाईंनी फक्त एवढंच सांगितलं, "भाजी चिरून जात जा."

तिसरी मिळेना. मालूने सगळं कॉलेज पालथं घातलं. शेवटी कांता सबनीस तयार झाली. ती डोंबिवलीहून यायची. समाजशास्त्राचा पहिला तास सातला असायचा, आमचा नऊला. "मला तुमच्या तत्त्वज्ञानातलं काही कळत नाही," ती म्हणाली, "पण तास नऊला आहे ना नक्की?" रणदिवे सरांनी आम्हा तिघींकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि सही केली.

ते वर्ष मी कधी विसरणार नाही. आम्ही तिघी पहिल्या बाकावर गुडघे वर काढून बसायचो आणि मॅडम खुर्ची ओढून समोर. एकदा विषय निघाला, आपण बघत नसताना जग असतं का. मालू म्हणाली, "मॅडम, मी झोपते तेव्हा खाडी असते का?"

"तूच सांग. कशावरून असते?"

मालूने घरी जाऊन हे वडिलांना विचारलं. भिवाजी पोट धरून हसले आणि बंदरावर सगळ्यांना सांगत सुटले. तिथे भलतंच झालं. त्यांचे भाऊ गुणाजी म्हणाले, पोरीचं काही चूक नाही. ते एकदा होडीत झोपलेले आणि जागे झाले तेव्हा होडी कळव्याच्या बाजूला चिखलात रुतलेली. मधली खाडी त्यांनी पाहिलीच नव्हती, मग ती होती हे कोण सांगणार? कोणी म्हणालं, होडी सांगेल. कोणी म्हणालं, होडीला डोळे कुठे असतात? जाळी तशीच राहिली आणि भांडण जुंपलं. मालूने ते सगळं वर्गात आवाज काढून करून दाखवलं. कांता हसता हसता बाकावरून घसरली. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "काकांना विचार, होडी वाहत गेली याची त्यांना एवढी खात्री कशी?" आणि पुढचा आठवडाभर बंदरावर तेच चाललं.

निकाल लागला तेव्हा मला पहिला वर्ग मिळाला. कांता पास झाली, त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं. मालू एका पेपरात नापास! तिला एक प्रश्न इतका आवडलेला की ती तीन तास तोच लिहीत बसली. बाकीच्यांना हात लावला नाही. मॅडमनी मालूला बोलावलं. रागावतील असं मला वाटलेलं. त्यांनी तिच्याकडून ते उत्तर तोंडी ऐकलं, शेवटपर्यंत, आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. आता ऑक्टोबरला बाकीचे चार प्रश्नही सोडव. त्यांनी काय घोडं मारलंय?" ऑक्टोबरला ती पास झाली.

बँकेची परीक्षा काही तिला जमली नाही. नोकरी लागली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, चौकशीच्या टेबलावर. लोक नंबर विचारायचे, ती सांगायची. दिवसभर दुसऱ्यांचे प्रश्न. मी विचारलं, "कंटाळा येत नाही?" ती म्हणाली, "नाही गं. काल एका आजोबांनी शाळेतल्या मित्राचा नंबर विचारला. आडनाव आठवत नव्हतं, फक्त तो पेरू चोरायचा एवढं आठवत होतं." नंबर मिळाला नाही, पण पेरूची अख्खी गोष्ट तिने ऐकून घेतली आणि सुपरवायझरची बोलणीही खाल्ली.

पुढे १९९३ साली कळव्याच्या गोमाजीचं स्थळ आलं. तो कारखान्यात फिटर होता. सगळ्यांसमोर मालूने त्याला विचारलं, "तुम्ही एखादं मत कधी बदललंय का?" आवडाबाईने डोक्याला हात लावला. गोमाजी म्हणाला, "आठवून सांगतो." पाहुणे चहा पिऊन गेले. स्थळ गेलं, असंच सगळ्यांनी धरलं.

आठ-दहा दिवसांनी गोमाजी एकटाच सायकल मारत बाळकुमला आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "शोधलं खूप. एकही सापडलं नाही. असं कसं असेल, तेच कळत नाही."

मालूने लगेच होकार दिला. लग्नाला मी, कांता आणि चौबळ मॅडम तिघीही गेलेलो. मांडवात मॅडमनी गोमाजीला हळूच विचारलं, "सापडलं का काही?"

"नाय बाई," तो म्हणाला. "पण आता दोघं शोधू."