सातशे एकचा मान

मधुकर लांजेवार यांना बालाघाटात आडनावाने फारसं कोणी ओळखत नाही. ते बस्तेवाले मधुकरभाऊ. बाजारातल्या कापडाच्या दुकानात ते आयुष्यभर गादीवर बसले आणि अर्ध्या गावाच्या लग्नांचे बस्ते त्यांच्या हातून बांधले गेले. दुकान त्यांचं नव्हतं, पण गिऱ्हाईक त्यांचं होतं. मालक गल्ल्यावर असायचा आणि लोक मधुकरभाऊंच्या समोर येऊन मांडी घालायचे.

मी त्यांचा शेजारी. सरकारी कचेरीत लेखा शाखेत आहे आणि येत्या मार्चनंतर घरी बसणार आहे. वाणिज्य शिकलो असल्यामुळे खरेदी-विक्रीची व्याख्या मला पाठ आहे. त्या व्याख्येत शिष्टाचाराचा उल्लेख नाही. तो विषय मी मधुकरभाऊंकडे शिकलो.

दुकान सुटल्यावर त्यांना एक नाद लागला. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी आठवते? तिची ती पुठ्ठ्याची बोटभर तिकिटं ते जमवू लागले. आधी रद्दीवाल्यांकडून, मग मुलीने फोन घेऊन दिल्यावर ऑनलाइन लिलावांतून. अल्बम केला. स्टेशनांच्या क्रमाने एकेका गावाला एकेक पान. समनापूर आलं, चरेगाव आलं, नैनपूर तर तीन रंगांत आलं. लामत्याचं पान मात्र कोरं राहिलं.

आणि लामता हे सरितावहिनींचं माहेर.

"साऱ्या दुनियेचं तिकीट आहे यांच्यापाशी," चहा देताना वहिनी मला ऐकवायच्या, "एक माह्या माहेराचं सोडून. अन् त्यात नवल काय जी? दिवाळी म्हणलं का यांचं दुकान, भाऊबीज म्हणलं का दुकान. मी आपली एकटी त्या छोट्या गाडीत बसून जाऊ. आता गाडीही गेली अन् दुकानही गेलं, तरी हे कुठं आले!"

मधुकरभाऊ अल्बम पुढे ओढत. कोऱ्या पानावरून हात फिरवत आणि फोन उचलत.

लिलावाच्या त्या जगात काय चालतं ते मी त्यांच्या खांद्यावरून पाहत असे. दोन रुपयांच्या वस्तूला दोन हजार, आणि वर 'दुर्लभ' असं लिहिलेलं. बोली लावणारा कोणी नाही, म्हणून खाली 'ऑफर द्या' असं बटण. आणि त्याच्याही खाली विक्रेत्याची तंबी: फालतू ऑफर देणाऱ्यांनी वेळ घालवू नये.

"हे तं गिऱ्हाइकाले दाखवाले दुकानाच्या दाराले चप्पल टांगल्यासारखं झालं," मधुकरभाऊ म्हणाले. "भाव पाडू नका म्हणता, तं मग बाजार काहून मांडला?"

पण ते चिडून ऑफर देत नसत. त्यांची पद्धत होती. गादीवर बसून त्यांनी हजारो लोकांच्या तोंडून निम्म्या भावाची मागणी ऐकली होती. कोणत्या मागणीने अंगाचा तिळपापड होतो आणि कोणत्या मागणीने आपणच कात्रीला हात घालतो, हे त्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, "मले सांगा बाबू, कोणी म्हणलं का हे लुगडं भिकार आहे, तं तुम्ही भाव कमी करान का? उलटं वाढवान. मालाले नाव ठेवाचं नाही. आपल्या खिशाले ठेवाचं."

म्हणून आधी वस्तूची स्तुती. मग विक्रेत्याची खुशाली. मग आपल्या पेन्शनीचं रडगाणं, जी त्यांना नाहीच. आणि शेवटी आकडा. तो आकडा कधी गोल नसायचा. पाचशे एक, सातशे एक, असा. त्यांचं म्हणणं होतं की वर एक रुपया ठेवला की तो भाव राहत नाही, तो मान होतो. मानाला कोणी फालतू म्हणत नाही.

प्रत्यक्षात बरेच जण म्हणत. कोण्या शहरातल्या एकाने विचारलं, "ये एक रुपया किसलिए, अंकल? पार्किंग का?" दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, सरळ ब्लॉक केलं. ब्लॉक म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं, तेव्हा मधुकरभाऊंनी फोन पालथा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "दुकानातून हाकलतात तेव्हा निदान तोंड तं दिसते."

मागच्या थंडीत एका दुपारी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली. फोनवर तिकिटाचा फोटो होता. बालाघाट से लामता, थर्ड क्लासचं नाही, सेकंडचं. कोपरे शाबूत. विकणारा पियुष नावाचा जबलपूरचा मुलगा. किंमत चार हजार. वस्तू घरी येऊन नेता येईल, असंही लिहिलेलं.

मधुकरभाऊंनी एका बोटाने, हिंदीतून, पद्धतशीर सुरुवात केली. तिकीट फार सुंदर ठेवलं आहे, घरचे सगळे बरे आहेत ना, आमचा खिसा लहान आहे, सातशे एक.

पियुषने हसणारं तोंड पाठवलं. मग लिहिलं: "अंकल, तीन हजार आठ सौ. लास्ट."

आता आली पद्धतीतली शेवटची पायरी. भाव जुळत नाही असं दिसलं की गिऱ्हाईक गुडघ्यावर हात ठेवून उठतं, "बरं, येतो" म्हणतं आणि चपला शोधायला जरा जास्त वेळ लावतं. दुकानदार तेवढ्यात हाक मारतो. फोनमध्ये उठता येत नाही. चपला तर नाहीतच. तेव्हा मधुकरभाऊंनी जे लिहिता येत होतं ते लिहिलं: "अच्छा, तो हम आते हैं."

पियुषचं उत्तर आलं: "ठीक है अंकल, आपके लिए रोकता हूँ."

"पाहा!" मधुकरभाऊंनी मांडीवर थाप मारली. "मारली का नाही हाक? आता रातभर विचार करते तो. सकाळी खाली येते."

सकाळी तिकिटावर 'बिक गया' असा शिक्का होता.

मी गेलो तेव्हा मधुकरभाऊ अल्बम मिटून बसले होते, घरात कोणी आजारी असल्यासारखे. इतक्यात फोन वाजला. पियुषचाच निरोप: "अंकल, ऑक्शन बंद कर दिया. एक और पार्टी थी, उसको मना कर दिया. आप कब आ रहे हैं?"

मी दोनदा वाचलं. मग मला उलगडलं, आणि हसू आवरेना. आपल्याकडे 'जातो' म्हणणं अशुभ, म्हणून दारातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. मधुकरभाऊंनी निरोप घेतला होता. जबलपूरच्या मुलाने सौदा पक्का धरला होता.

वहिनी पदराने तोंड झाकून हसल्या. "दुकानातून उठाले गेले अन् गिऱ्हाईक होऊन बसले!"

"हसू नको," मधुकरभाऊ म्हणाले. "त्या पोरानं माह्या शब्दावर दुसऱ्याले परत पाठवलं."

"मग लिहून द्या ना का चुकलं म्हणून," मी म्हणालो. "आणखी एक ब्लॉक होईल, दुसरं काय?"

"हौ, अन् लामत्याचं पान?" त्यांनी मान हलवली. "नाही बाबू. समोर जाऊन सांगतो. तोंड पाहून भाव कमी करते तं घेईन, नाही तं माफी मागून येतो." मग घाईने दुरुस्त केलं. "म्हणजे, जातो."

रविवारी आम्ही तिघं, छोट्या गाडीच्या जागी आता त्याच मार्गाने धावणाऱ्या मोठ्या पॅसेंजरने, जबलपूरला गेलो. मी साक्षीदार म्हणून, वहिनी देखरेखीसाठी.

पियुष चांगला मुलगा निघाला. चहा आला, तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात समोर आलं, आणि मधुकरभाऊंनी त्याची इतकी स्तुती केली की किंमत वाढेल की काय अशी मला भीती वाटली. ते खिशाच्या मुद्द्यावर यायच्या आतच वहिनींचा धीर सुटला.

"काहे का इतना पैसा, बेटा? लामते का टिकट कोई लेताच नहीं था! गाड़ी रुकी कि सब उधर के बाजू से खेत में उतर जाते थे. मेरे काका तो जिंदगी में कभी टिकट लिए नहीं."

पियुषचे डोळे चमकले. "मतलब ये बिकता ही नहीं था? आंटी, तब तो और रेयर हुआ!"

मधुकरभाऊंनी डोळे मिटून घेतले. मागणी-पुरवठ्याचा नियम मी कॉलेजात शिकलो, पण माहेरच्या अभिमानाने तो इतक्या झटपट सिद्ध होताना कधी पाहिला नव्हता.

नाइलाजाने मधुकरभाऊंनी खरं सांगून टाकलं. की ते येतो म्हणाले ते जाण्यासाठी, की तीन हजार आठशे त्यांना झेपणार नाहीत, की दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत बोलवावं. पियुषला काही समजेना. "आते हैं मतलब जाते हैं? ऐसा कैसे, अंकल?"

तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. पियुषची आजी, विमलाबाई, भिंतीला धरत बाहेर आल्या. त्यांचे यजमान बालाघाट स्टेशनवर तिकीटबाबू होते; ही तिकिटं त्यांच्याच पेटीतली.

"अरे लेका, आपल्यात येतो म्हणजे जातोच!" त्या नातवाला म्हणाल्या. "मराठी शिक म्हणलं तं याले इंग्लिश पाहिजे." मग वहिनींकडे वळल्या. "कोणाची वं तू लामत्याची?"

वहिनींनी वडिलांचं नाव सांगितलं. विमलाबाईंना ते माहीत नव्हतं, पण त्यांनी माहीत असल्यासारखी मान डोलावली. आत गेल्या, ताटलीत तांदूळ, सुपारी आणि एक खण घेऊन आल्या, वहिनींची ओटी भरली आणि त्या तांदळांवर तिकीट ठेवलं.

"दादी!" पियुष उभा राहिला. "तीन हजार आठ सौ!"

"हौ, मालूम आहे मले. लेकीले तिच्या माहेरचं तिकीट विकतो काय रे?"

वहिनींनी ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरला. मधुकरभाऊंची मात्र वेगळीच अडचण झाली. फुकट घेणं ही त्यांच्या हिशेबात सगळ्यात अपमानकारक ऑफर होती. पैसे पुढे करावे तर ओटीचा अपमान. ते जरा वेळ खण पाहत बसले, बहुधा सवयीने कापड जोखत. मग खिशातून नोटा काढल्या, वर एक नाणं ठेवलं आणि पियुषच्या मुठीत दिलं. "पहिल्यांदा घरी आलो, पोराच्या हातावर काही ठेवलंच पाहिजे."

पियुषने मूठ उघडली. "सात सौ एक? अंकल, ये तो वही ऑफर है!"

"नाही बेटा," मधुकरभाऊ म्हणाले. "वो भाव था. ये मान है."

विमलाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पियुषने नाणं उलटसुलट करून पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि शेवटी तोही हसला.

निघताना मधुकरभाऊ दारात थबकले. तोंडावर आलेला शब्द त्यांनी गिळला. पियुषनेच तो काढला. "आइए, अंकल. मतलब... जाइए."

परतीच्या गाडीत तिकीट पूर्ण वेळ वहिनींच्या हातात होतं. अल्बम सोबत आणला होता, मधुकरभाऊंनी दोनदा तिकीट मागितलं, पण वहिनींनी दिलं नाही. नैनपूर मागे पडलं, जंगल सुरू झालं, गाडी हळू होऊ लागली. वहिनी पिशवी घेऊन उठल्या.

"अगं, बालाघाट दूर आहे अजून," मधुकरभाऊ म्हणाले.

वहिनींनी तिकीट त्यांच्या चष्म्यासमोर धरलं. "वाचा. कुठपर्यंतचं आहे?"

"लामता."

"मग उतरा."

मधुकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. या मागणीत स्तुती नव्हती, खुशाली नव्हती, खिशाचं रडगाणंही नव्हतं. ते चपला शोधू लागले, आणि या वेळी त्यांना अजिबात वेळ लागला नाही. फलाटावरून त्यांनी मला हात केला.

"येतो, बाबू!"

मी अल्बम मांडीवर घेऊन एकटाच बालाघाटला आलो. ते दोघं चार दिवस आले नाहीत.