काकूंची खिडकी, सलीमच्या आईची विहीर

रविवार, सात तारीख. आमच्या सोसायटीच्या पुनर्बांधणीची सभा होती. चोवीसपैकी बावीस सभासद हजर होते आणि मागच्या खुर्चीवर माझा भाडेकरू सलीम, इथे शिकायला आलेला परदेशी मुलगा. विषय होता कुलकर्णीकाकूंच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, जादा खर्च चाळीस हजार.

"सूर्य काय तुमच्याकडेच उगवतो, काकू?" देशपांडे म्हणाले.

"ओट्याशी तुम्ही उभे राहता का, भाऊ?"

खिडकी मंजूर झाली. हात वर झाले तेव्हा सलीमचाही हात अर्धा वर गेला आणि भाडेकरूला मत नाही हे आठवून खाली आला.

तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सलीमचं गाव युद्धात जमीनदोस्त झालं. ते पुन्हा उभारायच्या बैठका तिसऱ्याच देशातल्या हॉटेलांत भरतात. तिथे दारूगोळा विकणाऱ्यांना मत आहे, नकाराचा अधिकारही आहे. गाववाल्यांना साधी खुर्ची नाही. आमच्या सभेत बिल्डरला चहा मिळतो, मत मिळत नाही. एवढा साधा नियम जगाच्या कारभाऱ्यांना समजत नाही असं मी मानत नाही. त्यांना तो नको आहे.

सभेनंतर मी सलीमला विचारलं, "तुझ्या आईला कोणी काही विचारलं?"

"नाही, काका. तिला विहीर हवी होती."

"गाव उभारायला पैसे आलेच नाहीत?"

"आले ना. नकाशे काढणाऱ्या कंपनीला दिले. नकाशात विहीर नाही."

खिडकीचे चाळीस हजार सोसायटीने परवा बिल्डरला दिले, पावती घेतली. विहिरीसाठी आजवर कोणालाही काही दिलेलं नाही. सलीमची आई टँकरच्या रांगेत आहे.