लाल ओळ आली की पाणी विचारा

आमच्या ऑफिसात काम कमी अन् किस्से जास्त, असं कुणी म्हणलं तर मी भांडणार न्हाई. चार दोस्त जमले की एकजण विचारतोच, "विष्णू, तुमच्या सेठजींचं काय नवीन?" मी एक सांगायला घेतला की त्याच्या मागं दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागं तिसरा, अन् चहा गार होतो. बायको म्हणते, तुम्ही ऑफिसातून पगार आणता का किस्से? मी म्हणतो, दोन्ही. पगार महिन्याला, किस्से रोज.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. नवीन जालन्यात, स्टेशनपासून जवळच, आमची बियाण्याची कंपनी आहे. कापूस, सोयाबीन, मका, तूर. गावोगावचे दुकानदार आमच्याकडून बियाणं घेतात. त्यांनी बुकिंग वेबसाईटवर करावं म्हणून सेठजींनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. वेबसाईट चालवायला आम्ही दोघंच, मी अन् वंदनाताई. ताई पानं सजवतात, दुकानदारांचे फोन घेतात अन् वेळच्या वेळी मला बोलतात.

सेठजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हंगामात बुकिंग वेबसाईटवर आलं तर ठीक. न्हाई तर हंगाम संपला की तू मोकळा." मला पुण्याला परत जायचं नव्हतं. बिलकुल नव्हतं. सकाळी बदनापूरच्या घरून डबा घेऊन रेल्वेनं निघायचं, संध्याकाळी पोरीला घेऊन ओट्यावर बसायचं, हे सोडून पुन्हा कॉट बेसिसवर राहायचं म्हणलं की अंगावर काटा यायचा. आता हे सगळं हसून सांगतो, तेव्हा हसत नव्हतो.

*

सगळ्यात आधी भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्याच्यावर डॅशबोर्ड. आत्ता वेबसाईटवर किती लोक आहेत, पान उघडायला किती वेळ लागून राह्यला, कुठं काय बिघडलं, सगळं त्याच्यावर दिसायचं. बराबर चाललं की हिरवं, बिघडलं की लाल ओळ.

सेठजी खुर्ची ओढून समोर बसले. थोड्या वेळानं एक लाल ओळ आली.

"हे काय?"

"सेठजी, कुणीतरी असं पान मागितलं जे आपल्याकडं न्हाई."

"मंग?"

"मंग त्याला 'पान सापडलं नाही' असं दिसतं, अन् तो निघून जातो."

सेठजींचा चेहरा उतरला. "म्हणजे गिऱ्हाईक आपल्या दारात आलं, अन् आपण नुसतं न्हाई म्हणून घालवलं? पानी बी न्हाई विचारलं?"

मी समजावलं, जगात सगळ्या वेबसाईटवर असंच असतं. सेठजी उठता उठता म्हणाले, "मंग जगाला दुकान चालवता येत न्हाई."

तेव्हापासून आमच्याकडं काही सापडलं न्हाई की पान येतं, 'तुम्ही मागितलं ते आत्ता आमच्याकडं नाही. बसा, पाणी घ्या.' खाली ताईंनी काढलेलं तांब्या-भांड्याचं चित्र.

लाल ओळी कमी होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आठवडाभर लाल ओळींचा नुसता पाऊस, अन् जवळजवळ सगळ्या जाफराबादहून. तिथं आमचे जुने दुकानदार आहेत, रामराव. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "काही बिघडलं न्हाई. दुकानात येईल त्याला दाखवून राह्यलो. काही बी मागायचं, मंग तांब्या येतो."

*

दुसरा किस्सा अमावस्येचा.

आमच्याकडं अमावस्येला मोंढा बंद असतो. धान्याच्या बाजारात त्या दिवशी एक शटर वर जात न्हाई. सेठजी सकाळी आले, टीव्हीकडं बघितलं. सगळं हिरवंगार.

"आज आपलं दुकान उघडं कसं?"

"सेठजी, कॉम्प्युटरला अमावस्या कळत न्हाई."

"त्याला सांग."

सांगितलं. वर्षभराचं पंचांग बसून भरलं. पुढच्या अमावस्येला वेबसाईट बंद, वर पाटी, 'आज मोंढा बंद आहे'. आमची साईट ज्यांच्या सर्व्हरवर असते ती कंपनी पुण्याची. तिथल्या ड्युटीवरच्या पोराकडं अलार्म वाजला. घाईघाईत फोन आला, तो ताईंनी घेतला.

"मॅम, तुमची साईट डाऊन आहे. काही अटॅक वगैरे झालाय का?"

"न्हाई हो. अमावस्या आहे."

मंग तो हळूच म्हणाला, "मॅम, ही एरर मी ऐकली नाहीये."

"महिन्यातून एकदा येते," ताई म्हणाल्या. "उद्या आपोआप जाते."

*

मधे रामरावांनी तक्रार लावली की साईट लई हळू चालून राह्यली. डॅशबोर्ड बघितला तर जालन्यात झकास, जाफराबादला लाल. म्हणलं जाऊन बघावं. काळीपिवळी जीपमध्ये अर्धा मांडीवर अन् अर्धा सीटवर बसून गेल्तो.

दुकानात दोन-तीन शेतकरी बसलेले. रामरावांनी मोबाईल काढून साईट उघडली अन् सगळ्यांना दिसेल असा पोत्यावर टेकवून ठेवला. स्क्रीन पांढरी. थोड्या वेळानं वरून एक गुलाबी पट्टी उतरली.

"पगडी आली," रामराव म्हणाले.

आमच्या पहिल्या पानावर सेठजींच्या वडिलांचा, बाबूजींचा, मोठा फोटो होता. सेठजींनी स्वतः दिलेला, पाहिजे त्यापेक्षा कितीतरी मोठा. तो वरून खाली सावकाश उतरत होता. चहा आला. कपाळ आलं. एक शेतकरी म्हणाला, "दादा, मिशीपर्यंत कधी येतील?"

"रेंज असली तर तुमचा चहा संपेपर्यंत येतात."

"अन् बियाणं?"

"ते बाबूजींच्या खाली आहे."

परत आलो, पण सेठजींना सांगणार कोण? ताई म्हणाल्या, मी सांगते. गेल्या अन् सरळ बोलल्या, "सेठजी, बाबूजी फार जड आहेत. आतल्या पानावर घेऊ का?"

सेठजींनी भिंतीवर लावलेल्या बाबूजींच्या फोटोकडं बघितलं. मंग म्हणाले, "बाबूजी हयातभर दुकानाच्या दारात बसले. आता त्यांना आत ढकलू?"

मी मधे पडलो. म्हणलं, ढकलत न्हाई, फोटो तोच ठेवतो, नुसतं वजन कमी करतो. केलं. जाफराबाद हिरवं झालं. सेठजींनी भिंतीवरचा फोटो बघितला, स्क्रीनवरचा बघितला, पुन्हा भिंतीवरचा बघितला. चष्मा काढून पुसला.

"डॉक्टर जिंदगीभर सांगत होता, बाबूजी वजन कमी करा. ऐकलं न्हाई. शेवटी तू केलंस."

*

आमच्या साईटवर शोधायची चौकट आहे. माईकचं बटण दाबून बोललं तरी चालतं. कुणी काही शोधलं अन् सापडलं न्हाई, तर ते टीव्हीवर लाल ओळीत येतं.

एके दिवशी ओळ आली. 'शोधलं: जाफराबादची गाडी निघाली का. सापडलं: काही नाही.' मी म्हणलं, असेल कुणी घाईतला दुकानदार. थोड्या वेळानं, 'शोधलं: चहा अजून का नाही आला.' दुपारी, 'शोधलं: विष्णू जेवला का.'

ताई म्हणाल्या, "हा दुकानदार तुला ओळखतो रे."

मी उठून सेठजींच्या केबिनमध्ये डोकावलो. सेठजी मोबाईल तोंडाजवळ धरून आमच्याच वेबसाईटशी बोलून राह्यले होते.

"सेठजी, हे काय?"

"तुम्हाला तिकडं टीव्हीवर सगळं दिसतं ना? मंग फोनचा खर्चा कशाला?"

मी म्हणलं, याची चूक म्हणून नोंद होते. सेठजी म्हणाले, "मी मागितलं अन् तुमच्याकडं न्हाई. चूकच झाली ना?"

त्या दिवसापासून ती चौकट आमचा इंटरकॉम झाली. लाल ओळ आली की ताई ओरडतात, विष्णू, तुला बोलावलं. फक्त एकदा सेठजी स्वतः तावातावानं बाहेर आले.

"सकाळपासून ही वेबसाईट मला पानी घ्या, पानी घ्या म्हणून राह्यली. आणून कुणीच देईना."

*

हंगाम आला अन् माझी भूक मेली.

टीव्ही हिरवागार. लोक भरपूर, पान झटक्यात उघडायचं, एक बिघाड न्हाई. अन् बुकिंग न्हाई. दुकानदार यायचा, बियाणं निवडायचा, शेवटच्या बटणापर्यंत पोचायचा अन् तिथून निघून जायचा. सगळे तसेच. मी बटण मोठं केलं, रंग बदलला, वर घेतलं, खाली घेतलं. सेठजी रोज टीव्हीसमोर बसून बुकिंगचा आकडा बघायचे. घरी बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही न्हाई. पोरगी म्हणायची, बाबा हसत न्हाईत. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरून राह्यलो होतो.

मंग एका सकाळी रामरावांचा फोन आला. ताईंनी स्पीकरवर टाकला. रामराव चांगलेच तापले होते.

"ताई, आम्ही काय तुमचे कुणीच न्हाई का? कितींदा उठून गेलो, एका बी माणसानं हाक मारली न्हाई."

"दादा, कुठून उठून गेले?"

"वेबसाईटवरून."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बाजारात सौदा कसा होतो, हे मी पुण्यात विसरून आल्तो. भाव ऐकायचा, जास्त आहे म्हणायचं, उठायचं, चपला सावकाश घालायच्या, पायरी उतरायची. मागून हाक येते, "ओ दादा, बसा तर." मंग माणूस वळतो अन् सौदा होतो. सगळ्या जिल्ह्याचे दुकानदार शेवटच्या बटणापाशी पाठ फिरवून हाकेची वाट बघत बसले होते.

मी पळत सेठजींकडं गेलो. म्हणलं, भाव थोडा कमी करावा लागंल. सेठजी म्हणाले, "भावाला हात लावू नको. हाक मार."

तेव्हापासून टीव्हीवर कुणी शेवटच्या पानावरून गेलं की त्याचा नंबर काढून ताई लगेच फोन लावायच्या. "दादा, उठून कुठं चालले? बसा तर." अन् पुढच्या क्षणी बुकिंग. भाव तोच. हंगाम संपेस्तोवर ताईंचा घसा बसला, पण सगळं बुकिंग वेबसाईटवर आलं. मला वाटलं, सुटलो.

*

हंगाम संपल्यावर सेठजींनी केबिनमध्ये बोलावलं.

"काम झकास केलंस. आता पुढच्या हंगामाला ये. चार महिने. बाकीचे दिवस टीव्हीकडं बघत बसून काय करणार?"

मला राग आला, अन् राग येतोय म्हणून रडू आलं. तरी शांतपणे बोललो, "सेठजी, ठेवायचं तर बारा महिने ठेवा. मला घर आहे."

"चार."

"मंग येतो मी."

डब्याची पिशवी उचलली, नमस्कार केला. दारात बूट घातले. एक लेस बांधली, सोडली, पुन्हा बांधली. केबिनमधून आवाज न्हाई. ताई माझ्याकडं न बघता टीव्हीकडं बघून राह्यल्या होत्या. जिना उतरलो. रस्त्यावर आलो. स्टेशनपर्यंत एकदा बी मागं बघितलं न्हाई, पण कान मागंच होते.

प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसलो अन् सवयीनं मोबाईलवर डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवं. साईटवर एकच माणूस. गाव जालना.

मंग एक लाल ओळ आली.

'शोधलं: विष्णू कुठं चालला. सापडलं: काही नाही.'

मी तसाच बसून राह्यलो. गाडीची घोषणा झाली.

'शोधलं: सहा महिने. सापडलं: काही नाही.'

मी उठलो. पिशवी खांद्याला लावली. लांबून इंजिन दिसलं.

'शोधलं: आठ महिने. सापडलं: काही नाही.'

गाडी लागली. बदनापूरची नेहमीची माणसं चढली. कुणीतरी आतून ओरडलं, "विष्णू, चल की, जागा धरली." मी दांड्याला धरून एक पाय पायरीवर ठेवला. दुसऱ्या हातात मोबाईल.

'शोधलं: बारा महिने, पण पानी पिऊन जा. सापडलं: काही नाही.'