शैला मॅडम आणि माझ्या पोटाची सुतळी

शैला मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांचे विद्यार्थी पुस्तक काढताहेत. त्यात मोठमोठे डॉक्टर लिहिणार, आणि मी कडावची वच्छला, दुसरी शिकलेली. पण मॅडमच म्हणाल्या म्हणे, "आजींचं घ्या." तेव्हा सगळ्यांना जयभीम, नमस्कार, आणि चुकलंमाकलं पदरात घ्या.

मॅडमची नि माझी पहिली भेट कर्जतला त्यांच्या व्यायामाच्या दवाखान्यात झाली. मी गेले होते पोटासाठी. दुखत नव्हतं हो, वाढलं होतं. माझी नातसून रेश्मा, तिला तेव्हा चौथा महिना लागला होता. आमच्या आळीतलं प्रत्येक बाळ या हातांनी न्हाऊ घातलेलं. पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, मग ऊन पाणी. पण आता पाय लांब केले की पोट आडवं यायचं आणि हात गुडघ्याच्या पुढे जायचे नाहीत. घरात कुजबुज सुरू झाली, बाळाला चोळायला बाई लावू. माझं पणतवंड आणि परकी बाई? दुसऱ्याच दिवशी मी कर्जत गाठलं.

मॅडमनी आधी सगळं विचारून घेतलं. छातीत यंत्र बसवलंय का, साखर किती, आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी कुठे. मग समजावलं, पोटावर चार पट्ट्या चिकटवायच्या, त्यातून बारीक करंट सोडायचा, म्हणजे पोट आवळतं नि सुटतं. आणि त्याच्याच जोडीला सायकल मारायची, रोज चालायचं.

करंट म्हटल्यावर मी खाटेवर चपला घालूनच आडवी झाले.

"आजी, चपला काढा ना."

"नाय गं बाय! माझा लेक सांगतो, करंटच्या वस्तूला रबरी चपलेबिगर हात लावायचा नाय."

शिकाऊ पोरी फिसकन हसल्या. मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, की पोरी गप्प. मग मॅडमनी पट्टी आधी स्वतःच्या दंडाला लावली, बटण फिरवलं. दंड आपोआप उडायला लागला. "मुंग्या आल्यासारखं वाटतं, बस. आणि चपला राहू द्या, तुमचा लेक बरोबर सांगतो." पंधरा दिवस मी चपलांसकट झोपले. त्यांनी एकदाही हटकलं नाही. माणसाचा मान कसा ठेवावा ते तिथं शिकावं.

मला आकडे नीट वाचता येत नाहीत. म्हणून मॅडमनी माझं पोट सुतळीनं मोजलं आणि गाठ मारली. ती सुतळी मी पिशवीत ठेवायची. सायकल मारताना त्यांचा नियम असा, की बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर. आता माझं बोलणं कधी थांबतंय! त्या म्हणायच्या, "आजी, तुम्ही गाऊन दाखवा, तेवढ्यावरून कळेल."

महिना झाला. सुतळी लावली, तर गाठ जिथल्या तिथं.

"आजी, घरी चालता ना?"

"चालते की! कालव्याच्या कडेनं."

रेश्मा शेजारीच बसली होती. "खोटं हाय, मॅडम. ओट्यावर बसून असतात. म्हणतात, करंट बसलाय, तो करील काम."

मॅडम हसल्या. "नुसत्या करंटनं चरबी वितळली असती, तर तुमच्या कडावच्या वायरमनला एवढं पोट असतं का?"

आमचा वायरमन तुम्ही पाहिला नाहीत. मीसुद्धा हसून हसून रडले. मग मॅडमनी हळूच विचारलं, "पोट कशासाठी कमी करायचंय, ते तरी सांगा." मी सांगितलं. त्या उठल्या, टॉवेलची गुंडाळी केली, जमिनीवर मांडली. "हे बाळ. घाला न्हाऊ." माझे हात पोचले नाहीत. खरंच डोळ्यांत पाणी आलं. मग साठीला आलेली ती बाई माझ्याशेजारी पाय लांब करून बसली नि म्हणाली, "मला शिकवा. मला हे येत नाही."

त्या दिवसापासून मी चालले. पहिल्या रविवारी मॅडम स्वतः कडावला आल्या, कालव्याकडेनं माझ्याबरोबर चालल्या. भात कमी केला, नाचणीची भाकरी वाढवली. दवाखान्यात पट्ट्या आणि सायकल झाली की शेवटी पाच मिनिटं टॉवेलचं बाळ. हात नडगीपर्यंत गेले, मग घोट्यापर्यंत. सुतळीवर नव्या तीन गाठी पडल्या, प्रत्येक आधीच्या आत. पोट सपाट झालं असं मी म्हणणार नाही, मॅडमनी तसं बोलायची मनाईच केली आहे. पण हाताला बाळापर्यंत वाट मिळाली.

पणती झाली! घरी आणली त्या सकाळी मी पाटावर बसले, पाय लांब केले. मॅडम पाहायला आल्या होत्या. मी म्हटलं, "बघत काय बसलात, पाणी ओता." त्या पदर खोचून तांब्या घेऊन बसल्या. पोरीनं एकदाच टाहो फोडला, मग माझ्या नडग्यांवर गपगुमान झोपली. वर बघते तर मॅडमचेच डोळे भरलेले.

शैला मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो. गुडघे, कंबर, नजर, सगळं धडधाकट राहो. तुमच्या लेकीचं आता लग्न ठरलंय असं कानावर आलंय. सावकाश होऊ द्या, घाई नाही. तुमच्या नातवंडाला मीच न्हाऊ घालणार. पाट धुऊन ठेवलाय, आणि कालव्यावरचं चालणं सोडलेलं नाही. पाणी तेवढं तुम्ही ओता.