मामाचं इंजिन आणि आमचं गोडं पाणी

परवा प्लंबरनं जुना नळ काढला. त्यावरचा हिरवट थर बोटाला लागला, आंबूस वास आला आणि मला अंबरनाथची आमची विहीर आठवली.

नव्वदच्या आसपास उरणचा मामा होडीचं इंजिन घेऊन आला होता. उल्हासनगरला दुरुस्तीला द्यायचं होतं, पण मिस्त्री गावाला गेलेला. समुद्रातून काढलेलं इंजिन गोड्या पाण्यात धुवायचं, ही त्यांची रीतच. मामानं आमच्या विहिरीच्या पाण्यानं पिंप भरलं आणि इंजिनाचा पंखा त्यात बुडवून ठेवला. "सुटू दे खार," म्हणाला.

आठवड्यानं त्यानं इंजिन उचललं, तर रंग सालपटासारखा सुटला होता आणि पंख्याचं पातं खडबडीत, खाल्ल्यासारखं झालं होतं.

"इतकी वर्सं दर्यानं खाल्लं नाय, ते या गोड्या पाण्यानं खाल्लं?"

त्यानं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मग विहिरीपलीकडच्या, कारखान्यांचं पाणी वाहून आणणाऱ्या नाल्याकडे बघत राहिला.

"बाय, तुमी प्यायला पाणी कुठलं घेता?"

आई कडेवर भरला हंडा घेऊन उभी होती. तिनं विहिरीकडे बोट दाखवलं.

मला तेव्हा वाईट वाटलं, ते इंजिनाचं.