आसुडाला पाजायचं तेल

दर अमावास्येला आमच्या घरी आसुडाला तेल पाजलं जायचं. ‘लावलं’ म्हटलेलं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खपत नसे. लावतात ते दाराच्या बिजागरीला. कातडं तेल पितं, असं त्यांचं म्हणणं.

सुप्याजवळच्या आमच्या गावात दादांनी उभा जन्म आसूड विणले. म्हशीच्या कातड्याच्या लांब वाद्या कापायच्या, टोकं दातांत धरायची आणि चार पदरांची वेणी घालायची. कातडं मुरलंय की कोरडं राहिलंय, हे त्यांना दातांखालीच कळे. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि शुगरनं दादांचे डोळे नेले. बोटंही बधिर झाली. नजर पुरती जायच्या आधी विणलेला शेवटचा आसूड तेवढा खुंटीला राहिला. त्यानं कधी एक बैलही हाकला नाही.

“ह्यो माझ्यामागं ऱ्हायला पायजे,” एवढंच दादांनी माझ्याकडे मागितलं होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते काम माझ्यावर आलं. करंजेल कोमट करायचं, दांडीपासून शेंड्यापर्यंत तळहातानं जिरवायचं, आसूड पुसून सरळ टांगायचा. ऊन दाखवायचं नाही, पाणी दाखवायचं नाही. वर दादा खाटेवरून उंटावरून शेळ्या हाकणार. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. कंपनीत आठ तास उभं राहून यायचं आणि मेलेल्या धंद्याला तेल पाजत बसायचं. शिवाय रोज सकाळी दादांच्या भेगाळलेल्या पायांना खोबरेल चोळायचं ते वेगळंच. सगळा जन्म कोरड्या कातड्यांतच जायचाय माझा, असं एकदा त्यांच्या देखत बोलून गेलो.

उन्हाळ्यातल्या एका अमावास्येला करंजेल संपलेलं होतं. घाणेवाला पारनेरला, आणि तिथवर जायचा मी आठवडाभर कंटाळा केला होता. मोटरसायकलच्या चेनसाठी कंपनीतून आणलेलं मशीनचं तेल मात्र घरात होतं. म्हटलं, तेल ते तेल. वेणीला तेच चोळलं. करंजेलाच्या बाटलीत उरलेले चार थेंब तेवढे दांडीला फासले, वासापुरते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आसूड काळाभोर चमकायला लागला आणि मला बरंही वाटलं.

नेमका त्या दिवशी दादांनी आसूड हातात मागितला. दांडी हुंगली, मान हलवली. मग वेणी चाचपत शेंड्यापर्यंत गेले, पण बोटांना काही कळेना. जुन्या सवयीनं त्यांनी शेंडा तोंडाकडे नेला. त्यांना थांबवायला ‘दादा, नको’ एवढं पुरलं असतं. ते बोललो असतो तर चोरी कबूल करावी लागली असती, म्हणून मी गप्प बसलो.

त्यांनी शेंडा चावला आणि थांबले. मग तो तोंडातून काढून उपरण्यानं ओठ पुसले.

“ह्ये लोखंडाला लावायचं त्याल हाय,” ते म्हणाले.

करंजेल संपलंय, उद्या आणतो, असं मी पुटपुटलो. दादांचा आवाज चढला नाही. या तेलानं कातडं आधी मऊ पडतं आणि मग कुजतं, हे त्यांनी एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावं तसं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी पारनेरहून करंजेल आणलं. आसूड ते पिईना, नुसतं जमिनीवर ठिबकत राहिलं. पोळ्याच्या आधीच वेणी माझ्या हातात तुटून आली. दादांना सांगितलं, तर काढून टाक म्हणाले. पुन्हा त्यांनी आसुडाचं नाव काढलं नाही.

पण त्या अमावास्येच्या दुसऱ्याच सकाळी, पारनेरला निघायच्या आधी, मी नेहमीसारखा खोबरेलाची वाटी घेऊन त्यांच्या पायांशी बसलो होतो. पायाला हात लावणार तोच त्यांनी पाय आखडून घेतला.

“हात हिकडं आन,” म्हणाले.

माझा तेलकट तळहात त्यांनी नाकाशी नेला, सावकाश हुंगला आणि मग पाय पुढे केला. तेव्हापासून रोज असंच चाललंय. आता त्यांना मागावं लागत नाही. वाटीत बोटं बुडवली की मीच आधी हात त्यांच्या नाकाशी नेतो.