आक्काची लेन्स पडली की

आक्काने "हलू नका" म्हटलं की आमच्या बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत सगळं थांबायचं. आई तव्यासमोर, मी शर्टाच्या एका बाहीत. पोळी करपली तरी चालेल, पण पाय उचलायचा नाही. आक्का गुडघ्यांवर बसून फरशीवरून हलकेच तळहात फिरवत यायची आणि डोळ्यातून निसटलेली कडक लेन्स बोटाच्या टोकावर उचलायची. एकदा शेजारच्या काकू नेमक्या तेव्हाच दारात आल्या आणि उंबऱ्यावरच खोळंबल्या. "बसा म्हटलं असतं, पण जागा अजून तपासायचीय," आक्का म्हणाली. ती आता नाही. तरी घरात काही बारीकसं पडलं की माझा पाय अडतो.

बहीण असली तरी माझ्याहून ती बरीच मोठी. केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत होत शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, तिला कॉलेजातच जडला. चष्म्याने भागत नव्हतं. कडक लेन्स हाच आधार. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत ती अक्षरं बोटभर मोठी करून काम करायची. दिसत नाही का, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाली, "तुमच्या चुका दिसतात, तेवढं पुरे." घरी मात्र तिचा नियम होता: "दिसत नाही असं म्हणायचं नाही. कुठवर दिसतं ते सांगायचं."

मी नोकरीला लागलो तेव्हा माझं सारखं डोळे चोळणं तिच्या लक्षात आलं. हातावर चापट मारून तिने मला आपल्याच तपासणीला बरोबर नेलं. त्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवा उपचार सुरू झाला होता. आधी लेझरने पडद्याचा उंचसखलपणा थोडा सारखा करायचा, मग पिवळे थेंब टाकून निळसर प्रकाशात तो घट्ट करायचा, म्हणजे आजार पुढे सरकत नाही. आक्का त्याचीच वाट पाहत होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. आजार मलाही होता, पण वेळेत सापडला होता. आक्काचा पडदा मात्र इतका पातळ झाला होता, की उपचार करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली आणि विचारलं, "याला तारीख कधीची देताय?"

आधी उजवा डोळा करायचा ठरलं. डोळा उघडा ठेवून दिव्याकडे बघत पडायचं, जराही हलायचं नाही. आत जाताना ती एवढंच म्हणाली, "लेन्स पडलीय असं समज."

मी हललो नाही.

काही महिन्यांनी तपासणी होती. चष्मा लावून, डावा डोळा झाकून मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. खालच्या ओळीसुद्धा स्वच्छ दिसत होत्या. मागच्या बाकावर आक्का बसली होती. तिच्यादेखत ते वाचवेना. मध्येच थांबून मी म्हणालो, "पुढचं दिसत नाही." डॉक्टरीणबाईंनी भिंगं बदलून पाहिली. मी तेच म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. उपचाराने उजव्याची नजर उतरली असेल तर डाव्या डोळ्याचा उपचार तूर्त थांबवावा लागेल, त्या म्हणाल्या. डाव्या डोळ्यातला आजार तर वाढतच होता. हे सगळं कळत असून माझं तोंड उघडेना.

"खोटं बोलतोय तो," मागून आक्का म्हणाली. "लगेच 'दिसत नाही' म्हणाला. ज्याला दिसत नाही तो आधी अंदाज मारून बघतो. मी इतकी वर्षं तेच करतेय."

मग ती माझ्याकडे वळली.

"तू आंधळा झालास म्हणून मला दिसणारेय का रे? कुठवर दिसतं ते सांग."

मी वाचायला लागलो. शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. मग वळून पाहिलं. आक्का तक्त्याकडे पाहतच नव्हती. त्या बाकावर बसून दुसऱ्यांचं वाचणं ऐकून ऐकून तिला तो पाठ झाला होता. मान खाली घालून, ओठातल्या ओठात, ती शेवटची ओळ पुन्हा एकदा म्हणत होती.